बेपत्तांसाठी वेगळा रकाना

मृतांच्या आठवणीपुढे माणसामाणसांतले सगळे भेद गळून पडतात. हे वाक्य मी टोकियोत दर ऑगस्टला कुठल्या ना कुठल्या मंचावरून ऐकतो, आणि ऐकताना खुर्च्यांकडे बघतो. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे असतात. दुसऱ्या रांगेला नुसत्या गाद्या. तिसऱ्या रांगेपासून मागच्या माणसांनी कार्यक्रम संपल्यावर आपापली खुर्ची घडी करून भिंतीशी नेऊन ठेवायची असते.

आपल्याकडे जसा लग्नाचा, तसा इथे ऑगस्ट हा स्मरणाचा सीझन. हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीमागच्या झाडांवर सेमी नावाचे किडे पहाटे पाचलाच कढईत काहीतरी तळायला घेतल्यासारखा आवाज सुरू करतात. स्टेशनपर्यंत सायकल मारली की शर्ट पाठीला चिकटतो. टीव्हीवर एक मिनिट शांतता पाळतात, त्या मिनिटात सेमींचाच आवाज ऐकू येतो, कारण त्यांना कोणी कळवलेलं नसतं. परवा शेजारच्या बाईंनी फिरता क्लिपबोर्ड आणून दिला. वस्तीतल्या सूचना त्याला अडकवलेल्या असतात. आपण वाचायच्या, शिक्का मारायचा आणि बोर्ड पुढच्या दारात नेऊन द्यायचा. सगळ्यांत वर नदीवरच्या कंदिलांचं पत्रक होतं. मी शिक्का मारला, पण बोर्ड दिवसभर घरातच राहिला.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात वस्तीच्या समितीने परदेशी रहिवाशांनाही या कंदिलांत सामील करून घ्यायचं ठरवलं. आमच्या भारतीय मंडळाच्या वाट्याला दहा कंदील आले. बांबूचा हलका सांगाडा, त्याला कागद, आत मेणबत्ती. कागदावर गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं आणि संध्याकाळी तो पाण्यात सोडायचा. आमचे अध्यक्ष कर्णिकसाहेब, एका ट्रेडिंग कंपनीचे इथले प्रमुख. गणपतीत आरतीचं ताट आधी कोणाच्या हातात द्यायचं हे तेच ठरवतात. माझं अक्षर बरं म्हणून देवनागरी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. बँकेत पंचवीस वर्षं काढल्यावर माणसाकडे दाखवण्यासारखं तेवढंच उरतं.

रविवारच्या मीटिंगला इक्बाल लॅपटॉप घेऊन आला. तो आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. पस्तिशीचा, मूळ कोकणातल्या मुसलमान घरातला, मुंबईत वाढलेला, पुण्याच्या कंपनीकडून इथे सॉफ्टवेअरच्या कामावर आलेला. मंडळात तो कधी फार बोलत नसे. त्या दिवशी म्हणाला, "साहेब, एक प्रपोजल आहे. आजवरच्या कत्तलींमध्ये जे मुसलमान मारले गेले, त्यांच्यासाठी काही कंदील ठेवू या. मी लिस्ट केलीय."

लिस्ट भिंतीवर आली. जेरुसलेम, बगदाद, क्रिमिया, हैदराबाद, बोस्निया, गुजरात, मुंबई, म्यानमार. मधे बरीच नावं, त्यांतली निम्मी मी पहिल्यांदाच वाचत होतो.

"ही पानं किती?" कर्णिकसाहेबांनी विचारलं.

"अकरा."

"आणि कंदील दहा."

"मी सगळे मागत नाहीये. तीन द्या."

"मग बसव तीनांत. जेरुसलेम ते मुंबई." मग त्यांना सुचलं, "आणि आपल्या काश्मिरी पंडितांचं काय?"

"लिहा की. मी कुठे नको म्हणतोय?"

"फाळणीत आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरचे गेलेत."

"त्यांचंही लिहा, साहेब."

"अरे, मग तुला उरतात किती?"

सोसायटीत टँकरचं पाणी कोणत्या विंगला आधी, यावर चालते तशी ही चर्चा वीस मिनिटं चालली. मला त्या लिस्टचाही संशय आला होता. तिच्यात 'कोणी मारलं' असा एक रकाना होता, 'किती' असा दुसरा, 'आकडा वादग्रस्त' असा तिसरा. मी विचारलं, "इक्बाल, मुसलमानांनीच मारलेले मुसलमान यात दिसत नाहीत."

"त्यांची वेगळी शीट आहे."

"मोठी आहे?"

"हिच्यापेक्षा लहान नाही," तो म्हणाला, आणि ती उघडायला लागला. कर्णिकसाहेबांनी हात वर केला.

त्या उत्तराने माझा त्याच्यावरचा संशय थोडा कमी झाला. बाकीच्यांवरचा झाला नाही, आणि अजूनही होत नाही. मारल्या गेलेल्या मुसलमानांसाठी जगात अश्रूंची कधी टंचाई नसते. फक्त प्रत्येक सरकार दुसऱ्या सरकारने मारलेल्यांसाठी रडतं. शेजारच्या देशातली कत्तल ही कत्तल, घरातली असेल तर दुर्दैवी घटना. सभागृहात जगातल्या पीडित बांधवांसाठी उभे राहणारे कितीतरी लोक मी पाहिलेत, जे आपला रिकामा फ्लॅट त्यांतल्या एकालाही भाड्याने देणार नाहीत. मंगोलांनी बगदाद बुडवलं तेव्हा फेकलेल्या ग्रंथांच्या शाईने नदी काळी झाली, असं सांगतात. ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आलोय, सुशिक्षित माणसं ती फार हळहळून सांगतात. ग्रंथ वाचणाऱ्यांचं काय झालं ते मात्र वाक्याच्या शेवटी, जमलं तर.

शेवटी तोडगा मीच काढला. सगळ्या कंदिलांवर एकच वाक्य लिहू: 'सर्व काळांतील सर्व हिंसाचारात बळी पडलेल्या सर्वांना.' टाळ्या पडल्या. कर्णिकसाहेब म्हणाले, "हे कसं छान, कोणालाच लागत नाही." खरंच होतं ते. तीनदा 'सर्व' घातल्यावर त्या वाक्यात कोणी मेलेलंच नव्हतं.

इक्बालने लॅपटॉप बंद केला. मग म्हणाला, "एक तरी द्या. एका माणसासाठी. माझ्या वडिलांसाठी."

"त्यांना काय झालं होतं?"

"त्र्याण्णवच्या जानेवारीत गेले. मुंबईत."

हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. चार वर्षं आम्ही त्याच्या घरची बिर्याणी खात होतो. कर्णिकसाहेब थोडा वेळ एसीच्या रिमोटकडे बघत राहिले आणि म्हणाले, "घे एक. नुसतं नाव लिही हो. बाकी काही नको."

त्र्याण्णवच्या जानेवारीत मी मुंबईतच होतो. कॉलेजात पहिल्या वर्षाला. खरं सांगायचं तर मला तो महिना मजेचा आठवतो. कर्फ्यूमुळे परीक्षा पुढे गेली होती, रस्ता रिकामा होता आणि आम्ही भर दुपारी तिथे क्रिकेट खेळत होतो. संध्याकाळी बातमी यायची की समुद्रातून बोटी भरून माणसं येणार आहेत. मग सोसायटीतले पुरुष हॉकी स्टिक घेऊन फाटकाशी उभे राहायचे. कोणी आलं नाही. पण एका सकाळी आमचे सेक्रेटरी काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन घरी आले. खाली जिन्यापाशी सगळ्या बिऱ्हाडांच्या नावांचा बोर्ड होता. तिसऱ्या मजल्यावर शेख राहायचे. "तुझा हात स्थिर आहे," सेक्रेटरी म्हणाले, "ते एक नाव झाकून टाक. त्यांच्याच भल्यासाठी." मी नीट झाकलं, रेषेबाहेर रंग जाऊ दिला नाही. शेखसाहेब जिन्यावरून बघत होते. त्यांनी मला थँक यू म्हटलं. हे मला अजून नीटसं गिळता आलेलं नाही. शांतता झाल्यावर ते नाव पुन्हा लिहायचं कोणाला सुचलं नाही. मार्चमध्ये ते खोली विकून गेले, आणि काळ्या पट्ट्यावर नवीन मालकाचं नाव आलं.

इक्बालला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, आणि नेमका त्याचाच मला संशय येतो.

गुरुवारी संध्याकाळी इक्बाल कंदिलासाठीचा समितीचा फॉर्म भरून आमच्याकडे आला. मागे त्याची आई. जुबेदामावशी तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. सत्तरी जवळ आलेली, बारीक चणीची बाई, नाकावर घसरणारा चष्मा. मराठी माझ्यापेक्षा साफ. मी चटईवर कागद पसरला, ब्रश भिजवला. त्यांनी कागदावर हात ठेवला.

"हा फॉर्म कुठे जातो रे?"

"इथल्या समितीकडे, मावशी."

"समिती कुठे पाठवते?"

"कुठेच नाही. कपाटात ठेवत असतील."

"एम्बसीत?"

"नाही हो."

"तू बँकेत आहेस ना? मग कागद कुठे जातो ते तुला ठाऊक पाहिजे."

इक्बाल म्हणाला, "अम्मी, साधा कंदील आहे."

"वर काय छापलंय?"

इक्बालने फॉर्म माझ्याकडे सरकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचून सांगितलं, "मृत व्यक्तीचं नाव."

"कोण मेलं?" त्या मुलाला म्हणाल्या. "मी म्हटलं कधी?"

मग मला कळलं ते असं. युसूफभाई एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा धाकट्या भावाची खुशाली बघायला ते घराबाहेर पडले. भावाकडे पोचले नाहीत आणि घरीही आले नाहीत. मावशींनी इस्पितळं पालथी घातली, शवागारात जाऊन एकेक चादर उचलून पाहिली. ते नव्हते. पुढे दर जानेवारीत त्या फोटो घेऊन चौकीत जायच्या. दर वेळी साहेब नवा. दर वेळी सल्ला तोच, बाई, गेला असं लिहून द्या, आम्हाला पुढची कार्यवाही करता येईल.

"त्यांची कार्यवाही म्हणजे फाईल बंद," मावशी म्हणाल्या. "मी सही केली नाही. तीस वर्षं ती फाईल मी उघडी ठेवलीय. आणि हा जपानात येऊन बंद करतोय."

"मग मी फातिहा कोणासाठी वाचायची?" इक्बालचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "पाच वर्षांचा होतो मी. लोकांना कबर असते. मला दाखवायला एक जागा नाही."

"आजोबांसाठी वाच. त्यांची आहे कबर, झाडलोट करायला कोणी जात नाही."

"इथे राहा म्हटलं तर राहत नाहीस. खोली विकत नाहीस."

"विकली तर तो येईल कुठे? हिगाशी-कसाईला?"

इक्बालला हसू आलं, मग त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. माझ्या हातात ब्रश होता आणि त्याच्या टोकाशी शाई जमत होती. ठेवायला बशीही जवळ नव्हती.

बोस्नियातल्या मारलेल्या माणसांची हाडं अजून वेगवेगळ्या खड्ड्यांतून सापडतात. तपासणी करून ती कोणाची ते ठरवतात. पुष्कळदा एखादंच हाड मिळतं, आणि घरच्यांना विचारावं लागतं, यावर दफन करायचं की आणखी सापडेपर्यंत थांबायचं? इक्बालच्या लिस्टमध्ये हे एका ओळीत होतं. मी वर्षानुवर्षं स्मारकांकडे संशयाने बघत आलो तो त्यांच्या संगमरवरामुळे, भाषणांमुळे, फितीमुळे. थांबायचं ठरवलेल्या आया माझ्या हिशेबात कधी आल्याच नव्हत्या. मावशींना दगडाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की आठवण काढायला सगळे तयार होतात तेव्हा शोधायला कोणी उरलेलं नसतं.

शनिवारी मी फॉर्म परत द्यायला मोरिता-सानकडे गेलो. या समितीच्या सगळ्यांत जुन्या सभासद, वय अठ्ठ्याहत्तर. समितीचं दप्तर त्यांच्या दारातल्या बिस्किटांच्या मोठ्या डब्यात असतं. मी दोनदा वाकून माफी मागितली आणि सांगितलं, घरच्यांचं एकमत नाही, कंदील रद्द करा. त्यांनी एकच विचारलं, "सापडले नाहीत का ते?"

"नाही."

त्यांनी फॉर्म उलटा केला. मागे दोन चौकटी होत्या. एक मृतांची, दुसरी बेपत्तांची. इक्बालचं ऑफिसातलं जपानी उत्तम, पण फॉर्मची मागची बाजू आपल्यापैकी कोणी बघत नाही. दुसरी चौकट त्सुनामीनंतर आली, मोरिता-सान म्हणाल्या. उत्तरेला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा तेव्हा वाहून गेला. तिकडे पोलीस दर महिन्याच्या अकरा तारखेला किनारा चाळायचे, तेव्हा बहीण डबा घेऊन तिथे जाऊन बसायची. "मी तिच्यासाठी इथे कंदील सोडला होता. तिला कळलं तेव्हा ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही." मग समितीने नियम केला. बेपत्तांचा कंदील पाण्यात सोडायचा नाही. काठावरच्या कठड्याला टांगायचा आणि नावाखाली घरच्यांचा फोन नंबर लिहायचा.

मी धीर करून विचारलं, कंदिलावर साल आणि कारण लिहू नये असं फॉर्मवर छापलंय, ही बंदी का?

त्यांनी चहा ओतला. इथून सायकलने जाता येईल अशा अराकावा नदीच्या काठी, शंभर वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर, कोरियन लोकांना ठार मारलं होतं. त्यांनी विहिरींत विष टाकलं अशी अफवा उठली होती. वस्त्यावस्त्यांतून पुरुष भाले घेऊन गस्तीला निघाले. "माझे आजोबा गस्तीत होते. त्यांनी काय केलं ते घरात कोणी विचारलं नाही. मीही नाही. कारण लिहू दिलं असतं तर कोणीतरी तेही लिहिलं असतं." हे सांगताना त्यांनी कप माझ्याकडे कान फिरवून ठेवला, पाहुण्याला ठेवतात तसा. मला फाटकाशी उभे असलेले आमचे हॉकी स्टिकवाले आठवले. आमच्याकडे कोणी आलं नाही म्हणून आम्ही सभ्य राहिलो, याखेरीज आमच्या सभ्यतेला दुसरा पुरावा नाही.

मावशींना मी उलटा फॉर्म दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी तपासला, आणि मला पुन्हा विचारलं, "नंबर लिहितात म्हणालास?"

"हो. नावाखाली."

"म्हणजे हे फातिहासारखं नाही."

"नाही."

"जाहिरात आहे."

"तसंच म्हणा."

"मग नंबर मोठा लिही. तो गेल्यावर घेतलेला फोन आहे, त्याला ठाऊक नाही."

चौकट त्यांनी स्वतः भरली आणि आपली सही केली, पूर्ण नावाने. इक्बाल बघत राहिला. त्याला हवी होती ती जागा यातून मिळणार नव्हती, हे त्याला कळत होतं. तो एवढंच म्हणाला, "अब्बांचं नाव उर्दूत लिहायचं का?" मावशी म्हणाल्या, "मराठीत लिही. तो मराठी शाळेत होता." कंदिलाच्या कागदावर नंबरासाठी जपानी हिशेबाने अकरा चौकटी छापल्या होत्या. मुंबईचा लँडलाइन देशाच्या कोडसकट बारा आकडी होतो. शेवटचा आकडा मी चौकटीबाहेर लिहिला.

कार्यक्रम रीतसर झाला. कर्णिकसाहेब तीन भाषांत बोलले, तिन्हींत भेद गळून पडले. माझ्या वाक्याचे नऊ कंदील पाण्यात ओळीने निघाले. लांबून सुरेख दिसत होते, कारण लांबून वाचता येत नव्हतं. कठड्यावर चार कंदील टांगले होते, तीन जपानी आणि आमचा एक. मावशी त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसल्या. लोक पाण्याचे फोटो काढायला वाकायचे तेव्हा त्या प्रत्येकाला मागे वळून कंदील वाचायला लावायच्या. देवनागरी वाचणारं त्या लोकांत कोण होतं? पण माणसं थांबत होती, आकडे वाचत होती आणि वाकून नमस्कार करत होती. इक्बाल शेवटपर्यंत त्यांच्या मागे उभा होता. त्याने काही वाचलं का, ओठांतल्या ओठांत, ते मी पाहिलं नाही. बघायचं नाही असं ठरवून मी खुर्च्या उचलत होतो.

सप्टेंबरात मावशी मुंबईला गेल्या, आपल्या खोलीवर.

नोव्हेंबरात एका दुपारी इक्बालचा मला बँकेत फोन आला. तो इतका हळू बोलत होता की मी जिन्यात जाऊन ऐकलं. अम्मीच्या फोनवर जपानहून कोणीतरी बोललं होतं. बाईमाणूस, फार अदबीने बोलली. दोनदा युसूफ-सान म्हणाली. बाकी काही कळलं नाही, पण अम्मीने फोन ठेवला नाही, तिकडून ठेवेपर्यंत ऐकत राहिली. तीस वर्षांत त्या नंबरवर युसूफचं नाव घेऊन आलेला हा पहिला फोन. "मोरिता-सान असतील," इक्बाल म्हणाला. "मी मीटिंगमध्ये अडकलोय. तुम्ही विचाराल का, त्यांना काय कळलंय?"

मी अर्धी रजा टाकली. स्टेशनपासून मोरिता-सानच्या घरापर्यंत सायकलने दहा मिनिटं लागतात. एरवी मी दुधाच्या पिशवीवरच्या तारखेवरही विश्वास ठेवत नाही. त्या दहा मिनिटांत मला कशाचाच संशय आला नाही. कोणीतरी आकडे वाचले असतील, कोणाला तरी माहीत असेल, जगात काय वाटेल ते होतं, असं मी सिग्नलला थांबूनसुद्धा स्वतःला सांगत होतो.

मोरिता-सानने मला आत बसवलं. हो, फोन त्यांनीच केला होता, तसदीबद्दल त्यांनी क्षमा मागितली. मग बिस्किटांचा डबा उघडून त्यातली वही काढली आणि आमच्या मंडळाच्या नावापुढे बोट ठेवलं. पाण्यातले कंदील समिती गोळा करते; टांगलेल्याचा कागद घरच्यांनी ठेवून घ्यायचा असतो, सांगाडा पुढच्या वर्षासाठी परत द्यायचा असतो. आम्हाला दहा दिले होते. नऊ जमा झाले होते.